पितृपक्षात घर स्वस्त, गवार महाग: पैशाचे निर्णय नक्की घेतं कोण?

कांजूरकरीण

भांडुपला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत वन बीएचके बघून ठेवलाय. भाव एक कोटी दहा लाख. काल सेल्सवाल्या मुलाचा फोन आला, "मॅडम, या पंधरवड्यात टोकन दिलंत तर तीन लाख कमी करून देतो. घटस्थापनेनंतर ही ऑफर नाही."

घरी सांगितलं. सासूबाई गवार निवडत होत्या. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्मशानात वास्तुशांत घालायला निघालेय. नवरा एरवी देवळात आतसुद्धा येत नाही, चपला सांभाळत बाहेर उभा राहतो. तोही म्हणाला, "राहू दे ना, आईला बरं नाही वाटणार."

मी हिशोब मांडला. वीस वर्षांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज. तीन लाखांचा हप्ता महिन्याला २६०० च्या घरात, म्हणजे शेवटी सव्वासहा लाख जातात. पंधरा दिवस थांबण्याचे सव्वासहा लाख! सासूबाईंचं उत्तर: "पैसे काय, येतात नि जातात."

आणि ज्या गवारीवरून त्यांनी नजर वर केली, ती याच पंधरवड्यात महाग झालेली. गवार, भेंडी, आळूची पानं, लाल भोपळा, सगळ्यांचे भाव चढलेत. तिकडे घरं, गाड्या आणि दादरची फुलं थंड. पंचांग एकच.

तर प्रश्न नुसता टोकनचा नाही. नोकरी आपण करतो, कर्ज आपण फेडतो. पण निर्णय आपला असतो का? की घरचे, शेजारी, सरकार आणि आपली भीती मिळून काय ते ठरवतात आणि आपण फक्त सही करतो? अनुभव येऊ द्या.

चहाबाज

घेऊन टाका. पितरांचा आक्षेप असेल तर त्यांना हप्ता भरायला सांगा. (हलके घ्या.)

सुलूमावशी

चहाबाज, तुमचं लग्न झालेलं दिसत नाही.

कांजूरकरीण ताई, उद्या घर घेतलंत आणि वर्षभरात सासऱ्यांचा गुडघा दुखला, नवऱ्याची बढती अडकली, लिफ्ट बंद पडली, तरी खापर तुमच्याच डोक्यावर. "तरी मी म्हणत होते" हे वाक्य वीस वर्षांच्या कर्जापेक्षा जास्त टिकतं. तीन लाखांच्या सवलतीत त्याचा विमा धरलाय का?

निरीश्वर

विज्ञानयुगात अजून पितृपक्ष! शिकलेली माणसं असं वागतात आणि मग देश मागे का म्हणून विचारतात. बिल्डरने चंद्रग्रहणाची ऑफर काढली तर तीही सोडणार का?

पै_पैसा

निरीश्वर, थोडं दमानं. सुलूमावशी जे म्हणतायत ते अर्थशास्त्राच्या बाहेरचं नाही. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की माणूस नफा आणि तोटा एकाच तराजूत तोलत नाही. त्यांच्या १९९२ च्या कामातला आकडा असा की तेवढ्याच रकमेचा तोटा नफ्याच्या दुपटीहून थोडा जास्तच बोचतो. काहनमनना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मूळचे मानसशास्त्रज्ञ असून.

ताईंच्या घरात तीन लाख हा नफा आहे आणि "काही विपरीत झालं तर" हा तोटा. सासूबाईंनी तराजूत तोटा टाकला, ताईंनी नफा. दोघींचे हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत.

मात्र तीन लाख खरंच कमी होतायत का ते आधी बघा. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांवर सहा लाख साठ हजार. नवरात्रात "स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून" अशा जाहिराती लागतात. तशी ऑफर आली तर आजची सवलत निम्मीसुद्धा नाही. मुहूर्त बिल्डरलाही कळतो.

भांडुपपश्चिम

आमच्याकडे नवरात्रात मॉड्युलर किचन फुकट दिलं. कपाटाची दारं पहिल्याच पावसात फुगली. फुकट ते फुकट.

आकडेमोड

@निरीश्वर, शिकलेल्यांवर घसरताय, सरकारचं काय? जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ ला दरकपात जाहीर केली आणि लागू केली २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोब्बर घटस्थापनेला. लहान गाड्या, एसी, मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मधले बहुतेक दिवस पितृपक्षाचे. अशाही गाड्या विकल्या जात नव्हत्या, त्यात "पुढच्या आठवड्यात स्वस्त होणार" हे कळल्यावर शोरूमात कोण फिरकतंय? दिल्लीतल्या बाबूंना पंचांग तुमच्यापेक्षा चांगलं वाचता येतं.

माझं मत विचाराल तर घर घ्याच, पण सोनं नको. आपल्या लोकांचं दसऱ्या-पाडव्याला सोन्याच्या दुकानात रांग लावणं हा निव्वळ मूर्खपणा. घडणावळ जाते, व्याज शून्य. २०१५ पासून सरकारने सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेले रोखे, काढले होते, वर अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज. किती जणांनी घेतले? २०२४ पासून नवे येणंही बंद झालं.

दीपा_वसई

आमच्या वसईच्या कुपारी ख्रिस्ती घरांत पितृपक्ष नाही, पण उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, लग्न नाही. हॉलवाला स्वतःहून फोन करून निम्म्या भावात देतो म्हणाला होता. माझ्या भावाने विषय काढला, आजीने तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. धर्म बदला, पंचांग बदला, आजी तीच.

सेक्रेटरी_काका

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, घाटकोपर पूर्व. पैशाबाबत माणूस कशाला घाबरतो ते मला विचारा.

मेंटेनन्स थकला तर आम्ही उपविधींप्रमाणे २१ टक्के व्याज लावायचो. काही फरक नाही. दोन सभासद तर व्याजासकट चेक देऊन वर "काका, चहा पाजा" म्हणायचे. मग कमिटीने ठरवलं, लिफ्टशेजारच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लावायची. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम. यादी लागली त्या रात्री जेवायच्या वेळी बेल वाजली. दारात आमचे सगळ्यात जुने थकबाकीदार, हातात चेक. आत यायलाही तयार नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी कामवाली यायच्या आत माझं नाव पुसा." शेजाऱ्यांचं त्यांना काही नव्हतं, कामवालीने वाचू नये एवढंच.

अर्थशून्य

काका, इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर असाच प्रयोग झाला होता. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी, निबंध २००० सालचा. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. झालं उलटंच, उशिरा येणारे वाढून जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंसमोर ओशाळायला व्हायचं, आता पैसे टाकले की प्रश्न मिटला. पुढे दंड काढून घेतला तरी उशिरा येणारे काही पूर्वीइतके कमी झाले नाहीत. तुमचे २१ टक्के म्हणजे तोच दंड. लोकांनी लाज विकत घेतली आणि स्वस्तात घेतली.

सेक्रेटरी_काका

बरोबर. पण फळ्याचीही दुसरी बाजू आहे. यादीत एक विधवा बाई होत्या, मुलगा बेरोजगार. त्यांनी बांगडी गहाण ठेवून पैसे भरले हे मागाहून कळलं. ज्याची ऐपत आहे आणि ज्याची नाही, दोघांना फळा एकाच मापाने लाजवतो. पुढच्या सभेत यादी बंद करायचा ठराव मीच मांडला. पडला. बहुमत फळ्याच्या बाजूने आहे.

चहाबाज

गणपतीच्या वर्गणीचं उलटं. मंडपात देणगीदारांची नावं मोठ्या अक्षरांत लावतात म्हणून आमच्या चाळीतले एक गृहस्थ दरवर्षी ५००१ देतात. वाण्याची उधारी तशीच. वाण्याकडे फळा नाही.

नलू

@आकडेमोड, सोन्याला मूर्खपणा म्हणालात म्हणून लिहितेय. नाहीतर मी नुसती वाचक.

आम्ही परळचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवत होते, "काळा पैसावाले गेले आता." आई स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर तिने मला हाक मारली. तांदळाच्या डब्याच्या तळातून प्लास्टिकची पिशवी, जुन्या गोधडीची एक शिवण उसवून त्यातून घड्या, देवघरातल्या पोथीच्या पानांमधून सुट्ट्या नोटा. पाचशेच्या सगळ्या. पीठ लागलेलं, हळदीचा वास येणारा तो ढीग मी मोजत होते आणि ती नुसती म्हणत होती, "यांना कसं सांगू गं?"

संध्याकाळी सांगावंच लागलं, बँकेत भरायला खातं बाबांचंच होतं. बाबा आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "माझ्या घरात मला न सांगता एवढे पैसे?" माझ्या बारावीच्या क्लासची अर्धी फी, मामाच्या ऑपरेशनचे पैसे, बाबा संपावर असताना आलेला किराणा, सगळं त्याच डब्यातून झालं होतं. पण त्या दिवसापासून घरखर्चाचे पैसे मोजून मिळायला लागले.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या अहवालात आलं की बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. त्यात पीठ लागलेल्या किती, याचा आकडा कोण देणार?

आता यूपीआय आलं. भाऊ म्हणतो, "आईला किती सोयीचं झालं." तिच्या फोनवरून वीस रुपयांची कोथिंबीर घेतली तरी मेसेज बाबांच्या खात्याशी जोडलेल्या नंबरवर जातो. म्हणून ती अधूनमधून सोनाराकडून अर्ध्या-एका ग्रॅमचं काहीतरी घेते. रोख्यावर अडीच टक्के व्याज मिळतं हे तिला ठाऊक आहे, मीच सांगितलं होतं. रोखा डिमॅटमध्ये दिसतो, नथीतला जास्तीचा मणी दिसत नाही.

सुलूमावशी

नलू, काय लिहिलंस गं. माझा डबा साबुदाण्याचा होता.

आकडेमोड

मूर्खपणा हा शब्द मागे. घडणावळीचं म्हणणं मात्र कायम.

पै_पैसा

रिचर्ड थेलर, २०१७ चे नोबेलवाले, याला मनातले वेगवेगळे हिशोब म्हणतात. पुस्तकी नियमाप्रमाणे रुपया कुठल्याही खिशातला असो, सारखाच. पण माणूस त्याच्यावर चिठ्ठी चिकटवतो: हा फीचा, हा आजारपणाचा, हा माहेरचा. नलूच्या अनुभवात एक गोष्ट जास्तीची आहे. चिठ्ठी नुसती मनातली नाही, ती पैसा कोणाच्या हातात राहतो हेही ठरवते.

मृणाल_ठाणे

मग लाडक्या बहिणीचाही विषय निघणारच. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला दीड हजार. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी त्यासाठी पहिल्यांदा स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं काढलं. त्या म्हणतात, "पगार घरात जातो ताई, हे माझे." त्यातून भिशी लावलीय. रक्कम लहान, पण नवऱ्याला विचारावं लागत नाही.

निरीश्वर

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक होती हा योगायोग?

मृणाल_ठाणे

नाही, योगायोग नाही. मतांसाठीच दिले. पण मार्चअखेर आपण नोकरदार कर वाचवायला नको त्या पॉलिस्या घेत होतो, तेव्हा प्राप्तिकराच्या कलम ८०सीची दीड लाखांची मर्यादा कोणी आखली होती, पितरांनी? सरकार सगळ्यांनाच वळवतं. नव्या करप्रणालीत ती वजावट गेली, तर माझ्या ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांनी नवीन पॉलिसी घेणंच सोडलं. विम्याची गरज एका रात्रीत संपली वाटतं!

संपादक मंडळ

पक्षीय चर्चेसाठी वेगळा विभाग आहे. धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करू नये.

लालबागचा_चाकरमानी

संप हा शब्द नलूताईंनी वापरला म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. लोक एकेक करून पांगले. गावी गेले, वॉचमन झाले, काही संपले.

वडिलांनी नंतर मिळेल ते काम केलं, पण शेअर, म्युच्युअल फंड हे शब्द घरात काढायचे नाहीत. एफडी, तीही एकाच बँकेत नको. मी त्यांना कितीदा सांगितलं की महागाई एफडी खाऊन टाकते. ते म्हणायचे, "गिरणीसुद्धा बंद पडणार नाही असं सगळे सांगत होते." पुढे माझ्या ओळखीच्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, लोक पावसात रांगेत उभे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला. वडिलांना ती बातमी वाचून दाखवली. "म्हणजे आधी एकच लाख होता? आणि तू मला अडाणी म्हणत होतास."

पै_पैसा

उलरिक माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल यांचा २०११ चा अमेरिकेतला अभ्यास हेच सांगतो. आयुष्यात शेअरबाजाराचे वाईट दिवस ज्यांनी स्वतः पाहिले, ते पुढे कित्येक वर्षं शेअरमध्ये कमी पैसे घालतात. वाचलेलं आणि भोगलेलं यांचं वजन वेगळं.

वडापाव_तिखट

सगळ्यांचं तसं नाही हो. माझे वडीलही त्याच संपातले, खातंही बहुतेक तेच. त्यांनी आईची मंगळसूत्राची वाटी मोडून वडापावची गाडी टाकली. नंतर दुसरी टाकली, मग कर्ज काढून गाळा घेतला, दोनदा बुडाले. "नोकरी हीच खरी जोखीम" हे त्यांचं वाक्य. एकाच संपातून एक माणूस एफडीत शिरला आणि दुसरा धंद्यात. अमेरिकेच्या अभ्यासात माझा बाप बसत नाही.

लालबागचा_चाकरमानी

तुमची गाडी कुठली? भारतमाता टॉकीजच्या समोरची तर नव्हे?

वडापाव_तिखट

व्यक्तिगत निरोप करतो.

गिरगावकर

माझं ऐका. १८० चौरस फुटांची पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली खोली, संडास कॉमन. भाडं सांगितलं तर हसाल. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. एवढ्याशा भाड्यात मालक कशाला डागडुजी करेल? दर पावसाळ्यात जिन्याला टेकू. विरारला दोन बेडरूमचा फ्लॅट येईल एवढे पैसे देतो म्हणणारे येऊन गेले. गेलो नाही.

भाचा म्हणतो, "मामा, हातातलं सोडवत नाही हा मानसिक दोष आहे." असेल बाबा. पण आईचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर, उधार देणारा वाणी खाली, आणि चर्चगेटला पोचायला मला विरार लोकलच्या दारात लटकावं लागत नाही. तुमच्या हिशोबाच्या कुठल्या रकान्यात हे येतं ते दाखवा, मग दोष म्हणा.

अर्थशून्य

गिरगावकर काका, हे सगळं धरूनही एक प्रश्न. आज तुमच्याकडे ही खोली नसती आणि हातात तेवढे रोख पैसे असते, तर टेकू लावलेली ती खोली विकत घेतली असती का?

गिरगावकर

नसती घेतली. तरी सोडणार नाही.

कांजूरकरीण

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. सासूबाईंनाही नलूचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या उठून आत गेल्या, काय ठेवलंय कुठे ते मी विचारलं नाही.

आज बिल्डरकडे गेले होते. म्हटलं, तीन लाख कमी करून घटस्थापनेच्या तारखेचा चेक घ्या. आधी "सिस्टीममध्ये बसत नाही" म्हणाला. मी उठल्यावर सिस्टीममध्ये बसलं. ऑफर ईमेलवर लेखी मागितली आहे, अजून आलेली नाही.

आता घरात दुसराच वाद. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आमच्या बाबतीत एक लाख सात हजार. सासूबाई म्हणतात, "सुनेच्या एकटीच्या नावावर करा, पैसे वाचतात." नवऱ्याचा मात्र चेहरा पडलाय. पैसे येतात नि जातात, असं तो म्हणायला लागलाय.

चहाबाज

सासूबाईंचा आयडी काढून द्या इथे.

सुलूमावशी

सूट २०२१ पासून आहे. आधी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, २०२३ मध्ये ती काढली. आमच्या मजल्यावर त्यानंतर तीन घरं बायकांच्या नावावर झाली. दारावरच्या पाट्या अजून नवऱ्यांच्याच.

आकडेमोड

ताई, नावाचं तुमचं तुम्ही ठरवा. पण तोंडी शब्दावर चेक देऊ नका. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधी लिहिलाय ते बघा. विक्रीकरार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत दहा लाख सत्तर हजारांच्या वर एक रुपयाही नाही. आणि बांधकाम चालू आहे म्हटल्यावर ५ टक्के जीएसटी वेगळा. तो एक कोटी सात लाखांत धरलाय की वरून, हे विचारलंत का?

कांजूरकरीण

नाही विचारलं. आत्ता फोन लावते.